अठ्ठावीस दिवसांचा महिना

व्यापारी जगाच्या भाषेंत अलीकडे ‘जुळवून घेणें’ या शब्दाला फार मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. श्रीमंत देशांत वाढलेल्या कंपन्या गरीब देशांत शिरल्या म्हणजे त्यांनीं तेथील चालीरीति, तेथील मिळकत आणि तेथील गरजा यांस अनुसरून आपला माल कसा बदलला, याच्या कथा व्यवस्थापनशास्त्राच्या शाळांतून पुराणांतल्या आख्यानांप्रमाणें सांगितल्या जातात. आणि या आख्यानांत मोबाईलच्या धंद्याचें आख्यान तर सर्वांत लोकप्रिय आहे. ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ असें भारदस्त नांव ज्या देशांना मिळालें आहे त्यांत आपला देश अग्रभागीं. तेव्हां आमच्या शिकलेल्या मंडळींनींहि हें आख्यान भाविकपणें ऐकावें आणि शेवटीं टाळी वाजवावी यांत नवल नाहीं. आम्हांस या कथेचा पूर्वार्ध मान्य आहे. उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाहीं, म्हणून तो सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मोबाईलच्या कंपन्यांनीं गरीब गिऱ्हाइकाशीं जुळवून घेतलें तें तो हातीं लागेपर्यंत; हातीं लागल्यावर आतां त्यानेंच कंपन्यांशीं जुळवून घ्यावें असा व्यवहार सुरू झाला आहे, आणि या व्यवहाराचें अगदीं साधें, रोजचें चिन्ह म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा महिना होय.

मोठ्या सिद्धांताची पारख लहान जागीं करावी हें बरें. आम्ही बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील युसूफ वडगांव हें गांव डोळ्यांपुढें धरतों. गांव अगदींच लहान नव्हे. तेथें स्वतंत्र पोलीस ठाणें आहे. याच तालुक्यांत धनेगांव येथें मांजरा नदीवर मोठें धरण आहे. पण धरण उशाशीं असूनहि हा मुलूख अवर्षणाचा, आणि हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा म्हणून अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. दर वर्षीं दिवाळीच्या आगेमागें येथून लाखों माणसें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम हंगामापूर्वीं त्या जोडप्यास एकरकमी ‘उचल’ देतो. पुढें चारपांच महिने ऊस तोडून ती फेडावयाची असते. म्हणजे या माणसाच्या हातीं पैसा येतो तो वर्षांतून एकदां, फार तर दोनदां. तोहि येतो तो बहुधा जुनें देणें भागविण्यासाठीं. शेतकऱ्याचेंहि तसेंच, सोयाबीन विकलें म्हणजे पैसा, मग पुढच्या सुगीपर्यंत उसनवार. पगार नांवाची जी वस्तु आमच्या घरीं पहिल्या तारखेस न चुकतां येते, ती या घरांस माहीत नाहीं. एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा वाद तिच्यावरच उभा आहे.

आतां पूर्वार्ध पाहूं. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून बोलले, आणि आपल्या देशांत या यंत्राचा शुभारंभ झाला. त्या काळीं बोलणारास मिनिटाला कित्येक रुपये पडत, आणि ऐकणाराच्या बिलांतहि त्या मिनिटाची नोंद होई. हा सारा थाट श्रीमंत देशांतून जशाचा तसा उचललेला होता. म्हणून मोबाईल ही कारखानदारांची आणि दलालांची मिरवण्याची वस्तु होऊन बसली. मग कंपन्यांना शहाणपण सुचलें. महिन्याचें बिल आणि त्यासाठीं लागणारे पत्त्याचे, पगाराचे दाखले हे आपल्या देशांत चालणार नाहींत हें ओळखून आगाऊ पैसे भरून बोलण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. २००३ मध्यें इनकमिंग फुकट झालें. त्याच वर्षीं रिलायन्सनें ५०१ रुपयांत फोन हातीं ठेवण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना काढली, आणि त्याच वर्षीं नोकियाचा ११०० हा फोन निघाला. त्याच्या कळांवर धूळ शिरूं नये असें आच्छादन होतें, पाठ घामानें निसटूं नये अशी होती, आणि वर एक बॅटरी होती. वीज गेली असतां गोठ्यांत जाण्यास कंदील शोधावयास नको, ही सोय ज्यानें कल्पिली त्यानें खेड्यांतली रात्र पाहिली असली पाहिजे. या एका जातीचे पंचवीस कोटींहून अधिक फोन जगभर खपले. २००४ मध्यें भारती कंपनीनें टॉवर व यंत्रजाल सांभाळण्याचें काम एरिक्सनसारख्यांकडे आणि संगणकांचें काम आय. बी. एम. कडे सोंपवून आपला खर्च गिऱ्हाइकाच्या बोलण्याच्या प्रमाणांत बांधून घेतला. त्यामुळें थोडें बोलणारें गिऱ्हाईकहि परवडूं लागलें. पानाच्या ठेल्यावर दहा रुपयांचें रिचार्ज मिळूं लागलें. २००९ मध्यें टाटा डोकोमोनें मिनिटाऐवजीं सेकंदाचा हिशेब आणला, आणि इतरांस झक मारून तो स्वीकारावा लागला.

ही सर्व कामगिरी खरी आहे; ती आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिचें श्रेय कोणाचें? आमच्या मतें येथें शिष्य कोण आणि गुरु कोण याची अदलाबदल झालेली आहे. कंपन्यांनीं गरिबांस फोन शिकविला असें म्हणतात. वस्तुतः गरिबांनींच कंपन्यांस धंदा शिकविला. ‘मिस्ड कॉल’ हा शोध कोणत्या प्रयोगशाळेंत लागला? एक घंटी म्हणजे पोहोंचलों, दोन म्हणजे तूं फोन कर, अशी एक नवी सांकेतिक लिपि आमच्या लोकांनीं एक पैसाहि न खर्चितां निर्माण केली, आणि पुढें बँकांनीं व जाहिरातवाल्यांनीं तिचीच नक्कल केली. दहा रुपयांचें रिचार्ज तरी काय? मुठीनें तेल आणि पुडीनें चहा विकत घेणारा जो आपला वाणसौदा, त्याचेंच तें मोबाईलमधलें रूप. थोडक्यांत, ज्याच्या हातीं पैसा थेंबाथेंबानें येतो त्याला माल थेंबाथेंबानें द्यावा, हा धडा कंपन्या आमच्या खेड्यांतून शिकल्या.

येथें कोणी म्हणेल कीं, जुळवून घेणें हा गरीब गिऱ्हाइकावर केलेला एक उपकार आहे. ही समजूत मुळांतच खोटी आहे. श्रीमंत गिऱ्हाईक तर याहून अधिक नखरे करतें, आणि त्याचे नखरे मुकाट्यानें पुरवावे लागतात. जपानांत एन्टीटी डोकोमो या कंपनीनें १९९९ मध्यें ‘आय-मोड’ नांवाची सेवा काढून फोनवरच पत्रव्यवहार, बातम्या आणि खरेदी यांची सोय केली व ती तेथें घरोघर पोहोंचली. तीच सेवा युरोपांत नेली तेव्हां ती रुजली नाहीं. उलट बाजूनें, व्होडाफोन ही बलाढ्य ब्रिटिश कंपनी जपानांत शिरली, आणि जगभर विकावयाचे तेच फोन तिनें तेथील चोखंदळ लोकांपुढें ठेवले. ते लोकांनीं नाकारले, आणि २००६ मध्यें कंपनीला आपला जपानी धंदा सॉफ्टबँकेला विकून काढता पाय घ्यावा लागला. ॲपलचा आयफोन २००८ च्या ऑगस्टमध्यें आपल्याकडे आला तो ३१,००० रुपयांस. अमेरिकेंत तोच दोन वर्षांच्या कराराबरोबर १९९ डॉलरांत मिळत होता, आणि करारानें बांधून घेण्याची चाल येथें नसल्यामुळें त्याचा खप फार दिवस बेताचाच राहिला. तात्पर्य, बाजाराशीं जुळवून घेणें हा व्यापाराचा प्राथमिक धर्म आहे, दानधर्म नव्हे. फरक एवढाच कीं, जपानी गिऱ्हाइकाचें जुळलें नाहीं तर कंपनी चालती होते. युसूफ वडगांवच्या गिऱ्हाइकाचें जुळलें नाहीं तर त्याचा फोन बंद होतो.

गरिबांशीं जुळवून घेण्याचा दुसराहि एक प्रकार आहे, आणि तो अधिक सूक्ष्म असल्यामुळें अधिक घातक आहे. तो म्हणजे गरीब माणूस बुद्धीनेंहि गरीब असतो असें गृहीत धरून त्याच्यासाठीं माल बनविणें. २००६ मध्यें मोटोरोला कंपनीनें ‘मोटोफोन’ नांवाचा स्वस्त फोन काढला. तो पातळ होता, टिकाऊ होता, त्याची बॅटरी पुष्कळ दिवस चाले, तो देशी भाषेंत बोलून सूचना देई. पण निरक्षरास वाचावयाचें काय, अशा विचारानें त्याचा पडदा असा केला होता कीं, त्यावर एका वेळीं मोजकीं बारा अक्षरें दिसत, आणि साधा संदेश वाचणें हें कोडें सोडविण्यासारखें होई. तो फोन पडला. निरक्षर बापाच्या घरीं वाचणारी मुलगी असते, आणि संदेश तीच वाचून दाखविते, ही गोष्ट कोणत्याहि खेड्यांत एक दिवस राहिलेल्या माणसास कळली असती.

भाषेचीहि हीच कथा. मोबाईलच्या संदेशांत रोमी लिपीचीं १६० अक्षरें मावतात. देवनागरीचीं मावतात ७०, आणि त्यांतहि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. म्हणजे ज्या यंत्राची मापें दुसऱ्यांच्या लिपीवर बेतलीं त्यानें मराठींत लिहिणारास दुप्पट-तिप्पट भाडें लावावें असा हा न्याय! याच बीड जिल्ह्यांतल्या अंबाजोगाईस आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे, आणि दासोपंतांनीं लांबलचक वस्त्रावर लिहिलेली पासोडी तेथलीच. ज्या मुलखांत एका सत्पुरुषास आपल्या मराठीसाठीं कागद अपुरा वाटला व त्यानें कापडाचा ताणा पसरला, त्या मुलखांतील माणसास ‘तुमच्या योजनेची मुदत संपली आहे’ हें वाक्य मराठींत वाचावयास मिळूं नये आणि इंग्रजींत मात्र दिवसांतून चारदां मिळावें, हें जुळवून घेणें कोणत्या कोशांत बसतें? फोनवर सर्व अनुसूचित भाषा वाचतां आल्या पाहिजेत असा आदेश सरकारास २०१६ मध्यें काढावा लागला. बाजारानें तो आपखुषीनें पाळला नव्हता हें त्या आदेशावरूनच सिद्ध होतें.

केवळ माहिती दिली म्हणजे गरिबाचें कल्याण झालें, असाहि एक भ्रम या धंद्यानें पसरविला. केरळच्या कोळ्यांचें उदाहरण त्यासाठीं नेहमी पुढें केलें जातें, आणि तें खोटें नाहीं. रॉबर्ट जेन्सन यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, मोबाईल आल्यावर मासे घेऊन कोणत्या बंदरास जावें हें नाविकांस समुद्रांतूनच विचारतां येऊं लागलें, भावांतली तफावत मिटली आणि किनाऱ्यावर फुकट जाणारे मासे वांचले. याच न्यायानें रॉयटर्सनें २००७ पासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यांस बाजारभाव व हवामान संदेशानें कळविण्याची सेवा काढली. मार्सेल फॅफशां आणि बार्ट मिन्टेन यांनीं महाराष्ट्रांतील शंभर गांवांत तिची पद्धतशीर परीक्षा केली. सोयाबीन, कांदा, टोमॅटो, गहूं, डाळिंब हीं पिकें त्यांत होतीं. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, सेवा घेणाऱ्या शेतकऱ्यांस मिळालेल्या भावांत सरासरीनें म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. असें कां व्हावें? आम्हांस कारण उघड दिसतें. कोळ्याची नाव मोकळी असते, ती वळवितां येते. आमच्या शेतकऱ्याची नाव आडत्याच्या उचलीशीं, टेम्पोच्या भाड्याशीं आणि उद्यां भरावयाच्या देण्याशीं बांधलेली असते. दुसऱ्या बाजारांत भाव अधिक आहे हें कळून तो काय करणार? त्याला माहिती नको होती असें नव्हे. पण त्याच्या पैशाची घडी ज्यांना समजली नाहीं त्यांनीं त्याच्याशीं जुळवून घेतलें असें म्हणतां येत नाहीं.

आणि पैशाच्या घडीचाच प्रश्न आतां सर्वांत तीव्र झाला आहे. येथून आमचा उत्तरार्ध सुरू होतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ बाजारांत उतरली व प्रथम कित्येक महिने तिनें सारें कांहीं फुकट वाटलें. त्या पुरांत एकेक कंपनी वाहून गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा मोबाईल धंदा मिटला, एअरसेलचें दिवाळें निघालें, टाटांनीं आपलीं गिऱ्हाइकें एअरटेलच्या स्वाधीन केलीं, आणि २०१८ मध्यें व्होडाफोन व आयडिया यांनीं एकमेकींचा आधार घेतला. खासगी कंपन्या उरल्या तीन. सरकारी दुकान होतें तें मागें रेंगाळत. आणि याच २०१८ च्या अखेरीस, गिऱ्हाइकास पळावयास जागा थोडी उरली आहे हें पाहून, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनीं ‘किमान रिचार्ज’ ही चाल पाडली. दर २८ दिवसांनीं निदान ३५ रुपये भरा, नाहीं तर आधीं तुमचें बोलणें बंद आणि मग ऐकणेंहि बंद! २००५ च्या अखेरीपासून ९९९ रुपयांत ‘आजीवन’ इनकमिंग देण्याची जी चढाओढ लागली होती, तिच्यांतल्या ‘आजीवन’ या शब्दांतला जीव या एका फटक्यासरशीं गेला.

हे ३५ रुपये पुढें कोठें गेले तें पाहा. २०२१ च्या जुलैअखेरीस एअरटेलचें सर्वांत स्वस्त २८ दिवसांचें रिचार्ज ७९ रुपयांवर आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें ९९ झालें. २०२४ च्या जुलैंत तिन्ही कंपन्यांनीं एकाच आठवड्यांत दर चढविले, आणि एअरटेलची २८ दिवसांची अमर्याद बोलण्याची प्राथमिक योजना १७९ ची १९९ झाली. आतां साधें गणित करूं. कॅलेंडरांत महिने बारा. कंपनीच्या वर्षांत महिने तेरा, कारण २८ तेरें ३६४. तेरा वेळां १९९ म्हणजे २,५८७ रुपये. कोयता नवराबायकोचा, फोन दोन, म्हणजे ५,१७४ रुपये. हा आंकडा पुण्यांत बसून वाचणारास किरकोळ वाटेल. पण आंकड्यापेक्षां वेळापत्रक अधिक क्रूर आहे. ज्याचा पैसा वर्षांतून दोनदां येतो त्यानें तो तेरा वेळां काढावा! ज्या धंद्यानें ‘थेंबाथेंबानें मिळवणाऱ्यास थेंबाथेंबानें द्या’ हा मंत्र जपून साम्राज्य उभारलें, त्यानेंच आतां थेंब बंद करून हप्ता सुरू करावा, यास आम्ही जुळवून घेणें म्हणत नाहीं. यास खेड्यांत दुसरा शब्द आहे, आणि तो सावकारीच्या संदर्भांत वापरतात.

याबद्दल नियामकाकडे तक्रारी गेल्या नाहींत असें नाहीं. २०२२ च्या जानेवारींत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें प्रत्येक कंपनीस निदान एक योजना तीस दिवसांची व एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतन होणारी ठेवण्यास फर्माविलें. म्हणजे महिना महिन्याचा असावा हें सांगण्यास सरकारी फर्मान लागलें! कंपन्यांनीं एकेक योजना ठेवली आणि बाकीचें दुकान अठ्ठावीस दिवसांवरच चालूं ठेवलें. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत प्राधिकरणानें असा नियम केला कीं, ज्यांस इंटरनेट नको त्यांच्यासाठीं केवळ बोलण्याच्या व संदेशाच्या योजना असाव्या, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकावी. हेतु उत्तम होता. अंमलबजावणी कशी झाली? एअरटेलची ८४ दिवसांची ५०९ रुपयांची एक योजना होती, तींत थोडा डेटाहि मिळे. तो काढून घेऊन किंमत ठेवली ४९९, आणि आरडाओरड झाल्यावर ४६९. जिओनें ८४ दिवसांस ४४८ आणि ३३६ दिवसांस १,७४८ असा भाव लाविला. म्हणजे इंटरनेट सोडणारास दिवसाला सव्वापांच-साडेपांच रुपये पडावे, आणि तेहि एकरकमी! ज्याला केवळ आपला फोन वाजावा एवढेंच हवें आहे, त्याच्यासाठीं दुकानांत मालच नाहीं.

फोन वाजण्याचें महत्त्व काय, असें विचारणारे आमच्यांत पुष्कळ निघतील, कारण आमचा फोन कधीं मुका झालेलाच नाहीं. ऊस तोडावयास गेलेलें जोडपें मुलांस म्हाताऱ्यांच्या स्वाधीन करून जातें. म्हाताऱ्याच्या हातांत जो साधा फोन असतो त्यावर त्याला बोलावयाचें नसतें, ऐकावयाचें असतें. मुकादमाचा निरोप, शाळेचा निरोप, दवाखान्याचा निरोप याच वाटेनें येतो. त्याहूनहि मोठी गोष्ट अशी कीं, बँकेचें खातें, अनुदान, पीकविमा, या सर्वांच्या कुलुपाची किल्ली म्हणजे फोनवर येणारे सहा आंकडे होऊन बसली आहे. सरकारनें नागरिकत्वाचा व्यवहार फोनच्या क्रमांकास बांधला, आणि क्रमांक खासगी कंपनीच्या अठ्ठावीस दिवसांस बांधला गेला. नव्वद दिवस सिम मुळींच वापरलें गेलें नाहीं तर कंपनी तें बंद करूं शकते, आणि बंद झालेला क्रमांक कालांतरानें दुसऱ्यास दिला जातो. म्हणजे चैत्र-वैशाखांत हात रिकामा असल्यामुळें ज्याचा फोन बंद पडला, त्याच्या बँकेची किल्ली पुढें कोणा अनोळखी माणसाच्या खिशांत असूं शकते. ही आमच्या मतें गैरसोय नव्हे. हा अनर्थ आहे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं, कारण तें अगदींच पोकळ नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, आपल्या देशांत डेटा जगांतील सर्वांत स्वस्त देशांच्या पंक्तींत आहे; मग कुरकुर कशाची? आमचें उत्तर असें कीं, दर जीबीस किती रुपये हें माप ज्याला जीबी हवे आहेत त्याचें आहे. तहान भागविण्यास घोटभर पाणी मागणारास ‘आमच्या विहिरीचें पाणी दर घागरीस फार स्वस्त पडतें, मात्र शंभर घागरी घेतल्या पाहिजेत’ असें सांगणें हा स्वस्ताईचा पुरावा नव्हे. संपर्कांत राहण्याचा एक दिवस कितीस पडतो, हें गरिबाचें माप. आणि त्या मापानें २०१८ पूर्वीं जी वस्तु जवळजवळ फुकट होती ती आतां दिवसाला सात रुपयांवर गेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपन्यांवर कर्जाचा डोंगर आहे. ध्वनिलहरींच्या लिलावांत त्यांनीं अवाढव्य रकमा ओतल्या. ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें मागील थकबाकीचा बोजा अंगावर पडला. शिवाय पूर्वीं दुसऱ्या कंपनीचा फोन आला कीं, ऐकणाराच्या कंपनीस मिनिटामागें कांहीं पैसे मिळत. ते २०१७ मध्यें १४ पैशांवरून ६ पैशांवर आले, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. तेव्हां केवळ ऐकणारें गिऱ्हाईक पूर्वीं कमाई देई, तें आतां निव्वळ खर्च होऊन बसलें. हें कारण आम्ही मान्य करतों. किंबहुना सारी गुंतागुंत यांतच आहे. परंतु यावरून काय सिद्ध होतें? एवढेंच कीं, ऐकणाऱ्या गरिबाचा भार पूर्वीं नियमानें वांटला जात होता, तो नियम बदलतांना त्याची आठवण कोणास राहिली नाहीं. तो भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जावा असा कोणताहि अर्थशास्त्राचा सिद्धांत नाहीं. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी १९९५ मध्येंच, म्हणजे देशांत पहिला मोबाईल वाजण्यापूर्वीं, सांगून ठेविलें आहे. मालमत्ता सर्वांची, तर तिचा किमान उपयोगहि सर्वांचा असावयास हवा.

तिसरा आक्षेप असा कीं, धर्मादाय चालविणें हें कंपन्यांचें काम नव्हे. हें समाजवादी खूळ श्रीमंत देशांत कोणी ऐकून घेणार नाहीं. ज्यांचे नातलग अमेरिकेंत आहेत त्यांनीं हा आक्षेप जपून करावा. भांडवलाच्या त्या माहेरघरींच १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नांवाची योजना चालू आहे. गरीब कुटुंबाचा टेलिफोन तुटूं नये म्हणून तींतून मदत दिली जाते. २००५ नंतर ती मोबाईललाहि लागू झाली, आणि ती मदत महिन्याला सव्वानऊ डॉलर आहे. विकसित बाजारपेठेंतून आम्हीं काय काय उचललें! भाडोत्री हप्ते उचलले, अमर्याद योजना उचलल्या, चकचकीत दुकानें उचललीं. फक्त हें एक उचलावयाचें राहिलें. आणि पैसा नाहीं म्हणावें तर तेंहि नाहीं. कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नावर पांच टक्के आकारणी ‘सार्वत्रिक सेवे’च्या नांवानें कित्येक वर्षें होत आली आहे, २०२३ च्या कायद्यानें त्या निधीचें नांव ‘डिजिटल भारत निधि’ झालें. नांव बदललें, टॉवर उभे राहिले, हें ठीकच आहे. पण टॉवर गांवांत आणि माणूस टॉवरच्या बाहेर, ही सार्वत्रिक सेवा नव्हे.

कोणी शेवटीं म्हणेल, मग त्यांनीं सरकारी बी. एस. एन. एल. घ्यावा, तो स्वस्त आहे. अवश्य घ्यावा. पण ज्या सरकारी कंपनीचें स्वदेशी फोर-जी जाळें देशास अर्पण व्हावयास २७ सप्टेंबर २०२५ उजाडला, तिचा हवाला देऊन खासगी कंपन्यांना दोषमुक्त करणें म्हणजे एस. टी. आहे म्हणून वडापवाल्यानें वाटेल तें भाडें घ्यावें असें म्हणण्यासारखें आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. पहिली: वर्षाला एक अल्प, नियामकानें ठरविलेली रक्कम भरली कीं, इनकमिंग आणि बँकेचे संदेश वर्षभर चालू राहावे, ती रक्कम भरण्याची मुभा मजुराच्या सोयीनें, उचलीच्या वेळीं वा सुगीच्या वेळीं असावी, आणि कंपनीचा तोटा होत असेल तर तो वर सांगितलेल्या निधींतून भरून द्यावा. दुसरी: महिन्याच्या नांवानें विकलेली वस्तु महिनाभर चालावी, एकच योजना नव्हे, प्रत्येक योजना. तिसरी: ज्याच्या नांवावर क्रमांक आहे त्याची मुदत संपण्याची सूचना त्याच्या भाषेंत, त्याच्या लिपींत जावी, आणि बँकेस जोडलेला क्रमांक त्याला स्पष्ट ताकीद मिळाल्यावांचून दुसऱ्यास दिला जाऊं नये.

या मागण्या कोणी कराव्या? ऊसतोड मजूर पुढाऱ्यांकडे उचलीचा दर मागेल, विमा मागेल, मुलांसाठीं वसतिगृह मागेल. अठ्ठावीस दिवसांच्या तक्रारीस त्याच्याजवळ वेळ नाहीं, आणि तक्रार करावयाची तीहि फोनवरूनच! हें काम आम्हां शिकलेल्यांचें आहे. गांवाकडच्या आईबापांचें रिचार्ज आम्ही शहरांतून वर्षाचें एकदम भरून टाकतों, आणि म्हणून हा प्रश्न सुटला असें मनांत धरतों. पण ज्यांचा मुलगा शहरांत पगार घेत नाहीं त्यांचें काय, हा विचार आमच्या गप्पांतून येत नाहीं. येतो तो ‘हल्लीं प्रत्येक भिकाऱ्याच्या हातांत मोबाईल असतो’ हा उद्गार. हा उद्गार काढणारांस आमची एवढीच विनंती आहे कीं, तो फोन हातांत आहे एवढें पाहून त्यांनीं थांबूं नये. तो वाजतो आहे कीं नाहीं, तेंहि विचारावें. कंपन्यांस जुळवून घेण्याची कला येते हें त्यांनीं १९९५ पासून पुढें वीस वर्षें सिद्ध करून दाखविलें आहे. ती कला त्या विसरल्या नाहींत. तिची गरज उरली नाहीं असें त्यांस वाटूं लागलें आहे. ती गरज पुन्हां उत्पन्न करणें हें लोकमताचें आणि कायद्याचें काम आहे, आणि तें होईपर्यंत युसूफ वडगांवच्या वर्षांत तेरा महिने मोजले जातील.